पाठमोरी साळूआई

चपला इथेच काढा, आणि तो पांढरा दगड दिसतोय ना, त्याच्या पलीकडे पाऊल टाकू नका. पलीकडे जमीन नाही, दरी आहे. मागल्या शिमग्याला एका पाहुण्याने काठीला मोबाइल बांधून आईचं तोंड टिपायचा उद्योग केला. मोबाइल गेला दरीत, तोंड काही मिळालं नाही. इथे दर्शन घ्यायचं ते पाठीचं. ओटी भरायची मागून, कुंकू लावायचं पाठीला, आणि दर माघात नवं घोंगडं पांघरायचं तेही मागूनच. देव म्हटला की तो भक्ताकडे बघतो. आमची साळूआई आमच्याकडे बघत नाही, आणि आम्हाला त्याचा राग नाही. उलट अभिमान आहे.

तुम्ही मंडळी ओढ्यापल्याड झोपड्या बांधून राहिलात, एका चुलीवर जेवता, विजेची तार घेतली नाहीत, आमच्यात कुणी मालक नाही की पुढारी नाही असं म्हणता, हे आमच्या कानावर आलंय. खालच्या गावात लोक हसतात तुम्हाला. आम्ही हसत नाही. आमच्या ह्या मोकळवाडीने हे सगळं फार पूर्वी करून बघितलंय, आणि करताना सपाटून ठेचही खाल्लीय. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. तेव्हा बसा जरा.

खाली नदीकाठी आता नुसत्या बाभळी माजल्यात, तिथे एके काळी गढी होती म्हणे. गढीवाले सरकार मोठे तालेवार. त्यांच्या तटाचं काम पिढ्यान् पिढ्या चालायचं, आणि ते सगळं वेठीने. दाम नाही, दाणा नाही, दगड वाहायचे आणि घरी यायचं, येता आलं तर. साळूचा नवरा त्याच तटाखाली दगड पडून गेला. त्याचं दहावंसुद्धा झालं नव्हतं, तोच गढीचा मुकादम दारात आला. हातात मेलेल्या माणसाची, दगड वाहताना डोक्यावर घ्यायची चुंबळ. ती त्याने साळूच्या पोराच्या, केरबाच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, उद्यापासून हा येईल.

साळूने ती चुंबळ उचलली, विहिरीत टाकली आणि घर सोडलं. तिच्यामागून दहा-अकरा घरं निघाली. कुणी कुणबी, कुणी धनगर, कुणी कोळी, एक लोहाराचं घर. घाट चढून ती सगळी ह्या उघड्या, कातळी सड्यावर आली, जिथे तेव्हा वारा आणि कोल्हे ह्यांच्याशिवाय कुणी राहत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी शपथेचा बेलभंडारा उचलला, असं सांगतात. इथे पाटील नाही, वेठ नाही. चूल एक, कणगी एक, आणि जे काय करायचं ते सगळ्यांनी गोल बसून ठरवायचं. एकाचा जरी ‘हो’ यायचा राहिला तरी ते काम करायचं नाही. त्या काळात कुणब्याने कोळ्याच्या हातची भाकर खाणं ही काय साधी गोष्ट होती? पण खाल्ली, आणि कुणाच्या पोटात दुखलं नाही.

दिवस बरे गेले. नाचणी पिकली, शेरडं वाढली, खोलगट जागी बांध घालून तळं केलं. साळू सगळ्यांत जाणती. कुठल्या वाऱ्याला पाऊस येतो, कुठला कंद खाल्ला तर माणूस उठत नाही, तिला सगळं ठाऊक. लोक तिला साळूआई म्हणू लागले. आणि तिथेच घोळ झाला बघा.

सभा गोल बसायची, जो तो आपलं म्हणणं मांडायचा, पण मांडताना डोळे असायचे साळूआईच्या तोंडावर. तिची भुवई वर गेली की बोलणारा शब्द फिरवायचा. ती जरा हसली की सगळे ‘हो, हो’ करून मोकळे. जन्मभर सरकारचं तोंड बघून जगलेली माणसं ती. सरकार सुटलं, तोंड बघायची खोड सुटली नाही. साळूआईलाही ते कळलं नाही. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटत होतं. आपल्या वाडीत कसं पटकन एकमत होतं, म्हणून ती मनातून सुखावायची.

मग ते साल आलं. मृगाच्या आधी रावजी लोहाराने सभेत गोष्ट काढली की तळ्याच्या बांधाला भेग गेलीय, चार दिवस सगळ्यांनी खपून ती बुजवू या. शहाण्याला पटेल असंच बोलणं. पण रावजीने साळूआईकडे बघितलं, सगळ्यांनी बघितलं, आणि तिचं तोंड वाकडं झालेलं दिसलं. कुणी म्हणालं, बघू पुढे. कुणी म्हणालं, एवढी काही मोठी भेग नाही. रावजीही गप्प बसला.

पाऊस सुरू झाला आणि बांध फुटला. तळं रिकामं झालं, खालची कणगी वाहून गेली, आणि वासरं राखायला गेलेली रावजीची हिरा त्या लोंढ्यात सापडली. सात-आठ वर्षांची पोर. ती खाली पार ओढ्याच्या तोंडाला मिळाली.

हिराचं दहावं झाल्यावर साळूआई रावजीपाशी बसली. तिला राहवेना. तिने विचारलं, अरे बाबा, भेग तुला दिसली होती, मग बुजवली का नाहीत?

रावजीने वर बघितलं नाही. “तूच नको म्हणालीस, साळूआई.”

“मी? त्या दिवशी मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.”

“उघडलं नव्हतंस. वाकडं केलं होतंस.”

साळूआईचा हात आपसूक गालावर गेला. तिला आठवलं. त्या दिवशी तिची दाढ ठणकत होती. सकाळपासून लवंग धरली होती दाताखाली, तरी कळ थांबत नव्हती. रावजी काय बोलला ते तिने नीट ऐकलंही नव्हतं. एका म्हातारीची दाढ दुखली आणि अख्ख्या वाडीने एक पोर घालवली. ती छाती बडवून रडली, असं सांगतात. रडून झाल्यावर तिने पुन्हा बेलभंडारा उचलला. ह्यापुढे सभेला माझं तोंड दिसणार नाही आणि माझा शब्द ऐकू येणार नाही. मी तुमच्यातच बसेन, पण पाठमोरी.

तेव्हापासून ती सभेत दरीकडे तोंड करून बसू लागली, ह्याच जागी. लोकांना वाटलं, रुसली. पाया पडून झालं, विनवून झालं, ती वळली नाही. आणि आपली माणसं काय कमी का? ती पाठ वाचायला लागली. पाठ ताठ झाली म्हणजे नको, सैल झाली म्हणजे हो. हे तिच्या ध्यानात आल्यावर तिने डोक्यापासून घोंगडं ओढून घेतलं. ऐन उन्हाच्या तडाख्यातसुद्धा. घामाने निथळायची, पण काढायची नाही.

त्या वर्षी पाऊसही लवकर आटोपला. फुटलेलं तळं भरलं नाही. होळीनंतर कातळातल्या एका खळग्यात जेवढं पाणी होतं, तेवढ्यावर वाडी दिवस काढू लागली. नेमकं ह्याच वेळी गढीचा हवालदार वर आला. सरकारांनी सगळं माफ केलंय, म्हणाला. खाली या, नदीचं पाणी घ्या, घरं घ्या, वेठसुद्धा नाही. अट एकच. तुमच्या वतीने जाब द्यायला एक माणूस हवा, तेव्हा साळूबाईंनी पागोटं स्वीकारावं आणि पाटीलकी करावी. सरकार काही खुळे नव्हते. बारा तोंडांना वेसण घालता येत नाही, एका तोंडाला येते.

सभा बसली. साळूआई इथे पाठमोरी, घोंगड्यात. तिच्या मनात काय होतं ते उघड आहे. नवऱ्याचा जीव घेणाऱ्याच्या दारात ती जन्मात पाऊल टाकणार नव्हती. पण मागे जो आवाज सगळ्यांत आधी उठला तो केरबाचा, तिच्या पोटच्या पोराचा. खाली जाऊ या, म्हणत होता. त्याच्या बायकोचे, ठकूचे दिवस भरत आले होते आणि तिच्या ओठाला पाणी पुरत नव्हतं. अर्धे त्याच्या बाजूचे, अर्धे म्हणत मेलो तरी जाणार नाही. सकाळ गेली, दुपार गेली. भांडण झालं, शिव्या झाल्या, कधी नव्हे ते एकमेकांची जातसुद्धा काढून झाली. साळूआई, एक शब्द बोल, म्हणून बायकांनी हंबरडा फोडला. घोंगडं हललं नाही.

उन्हं कलली तेव्हा रावजी लोहार उठला. म्हणाला, माझी हिरा ह्या मातीत आहे, मी कुठे जात नाही. पण केरबाचं लेकरू अजून जगात यायचंय, त्याला अडवणारा मी कोण? ज्याला जायचं त्याने जावं, आपण त्याला शिदोरी देऊ. पण जाईल तो आपल्यापुरता जाईल. वाडीच्या वतीने पागोटं कुणी बांधायचं नाही.

मग एकेकाने ‘हो’ म्हटलं. वाडी वसल्यापासून कुणाच्याही तोंडाकडे न बघता झालेला हा पहिला निर्णय, असं सांगतात. आजवर आमच्यात सगळ्यात मानाचा तोच.

निघताना केरबा आईच्या मागे येऊन उभा राहिला. “आई, तू नको म्हण. एकदाच म्हण. मी जात नाही.”

माउलीच्या काळजाचं काय झालं असेल! एक शब्द बोलली असती तर पोरगा राहिला असता. जन्मभर राहिला असता, मान खाली घालून, जसा त्याचा बाप तटाखाली राहिला. आणि नातवंड तहानेने गेलं असतं, तर तेही तिच्याच शब्दाने. तिने घोंगड्याचं टोक दातात धरलं. केरबाने वाट बघितली, मग तिच्या पाठीवर डोकं टेकवलं, ठकूचा हात धरला आणि तो घाटाच्या पायवाटेला लागला.

ती पायवाट ह्या कड्याच्या अगदी खालून जाते. पहिल्या वळणावर केरबाने वर बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याला आईचं तोंड दिसलं. ते ये म्हणत नव्हतं, जा म्हणत नव्हतं. नुसतं भिजलं होतं. आणि ते पाणी तोंडावरून हनुवटीवर, हनुवटीवरून कातळावर असं ओघळत पार वळणापर्यंत आलं होतं. केरबाने कातळाला हात लावला, तर हात गार पडला. खांद्यावरच्या पहारीने दोन घाव घातले आणि करंगळीएवढी धार सुटली. वरून हा कातळ कुणाला दिसत नाही, कडा पुढे आलाय. खाली उतरणाऱ्यालाच तो दिसणार होता.

त्याने हाक दिली तशी अख्खी वाडी हंडे-कळश्या घेऊन धावली. ठकूला आधी पाजलं. मग केरबा ओंजळ भरून वर धावत आला, आई, पाणी लागलं म्हणत. घोंगड्यावर हात ठेवला, तर आत दगड होता.

आता पुढे केरबा वाडीतच राहिला की पाणी दाखवून खाली गेला, हे सगळे पाहुणे विचारतात. आमच्यात काही जण म्हणतात राहिला, काही म्हणतात गेला, आणि ज्याच्या त्याच्याकडे आपापला पुरावा आहे. एकमत झालेलं नाही, त्यामुळे ते ठरलेलं नाही.

ठरलेलं आहे ते एवढंच. तो झरा आजही आटत नाही. कागदावर आमच्या वाडीलाही सरपंच आहे, सरकारला सहीला माणूस लागतं. पण सभा बसली आणि लोक कुणा एकाचं तोंड बघायला लागलेत असं जाणवलं, की त्याला उठवून आईशेजारी दरीकडे तोंड करून बसवतात. तो आमच्यातला सगळ्यात मोठा मान, आणि तो कुणालाच नको असतो. सध्या तिथे पार्वताक्का बसते, ती बघा, आत्ता तिकडे नाचणी पाखडतेय ती. गेल्या वर्षी तिच्या धाकट्या लेकीने सभेत सांगितलं की मला नर्सिंग शिकायला जायचंय, परत येईन की नाही ते आत्ता सांगत नाही. वाडीने हो म्हटलं, शिदोरी बांधून दिली. पोर आक्काच्या पाठीवर डोकं टेकवून पायवाटेने उतरली, आणि वळणावर थांबून तिने वर बघितलं. मायलेकी किती तरी वेळ एकमेकींकडे बघत होत्या म्हणे. आम्हाला आपली आक्काची पाठच दिसत होती.