आडोसा

फार वर्षांपूर्वी रेवा नावाची एक हंसी एका सरोवरावर एकटीच वाढली. एकदा उन्हाळा लागताच हंसांचा थवा उत्तरेकडे निघाला, तेव्हा तीही त्यांच्यात सामील झाली.

थव्याच्या रीती तिला ठाऊक नव्हत्या. खाली उतरलं की ती सगळ्यांच्या आधी चरायला लागे, उडताना कुणाच्याही मधे घुसे. कुणी रागवत नसे, सगळे फक्त सरकून तिला जागा देत. त्यानेच तिला जास्त अवघडल्यासारखं होई.

"मावशी, तुमचे नियम तरी सांगा ना," ती थव्यातल्या म्हाताऱ्या गौरामावशीला म्हणाली.

"ते कुणी सांगितलेले नाहीत गं. बघत जा."

मग बर्फाचे डोंगर आले. समोरच्या वाऱ्याने रेवाचे पंख थकले आणि ती खाली जाऊ लागली. तोच दोन हंस रांग सोडून आले आणि तिच्यापुढे वारा अडवत उडू लागले. दम परतल्यावर रेवाने मान वर केली. सगळ्यांत पुढचा हंस थकून मागे येत होता आणि कुणी न बोलावता दुसरा त्याच्या जागी जात होता. थोड्या वेळाने तोही मागे आला, तिसरा पुढे गेला. एवढ्या अफाट आभाळात कुणी एक शब्दही बोलत नव्हतं. रेवा थक्क होऊन पाहत राहिली.

शेवटच्या शिखरापाशी गौरामावशी पुढे होती. तिचे पंख थरथरले.

रेवा पुढे गेली. गार वारा तिच्या छातीवर आदळला, आणि मावशीसकट सगळा थवा शांतपणे तिच्या पंखांमागे आला.