प्रधानाच्या हाती बाळ

युरोपातल्या एका चिमुकल्या डोंगरी राज्यात पाळणे रिकामे राहू लागले, तसा राजा धास्तावला. प्रधान ओटोकारने शेजारची राज्यं पालथी घातली, घरोघरी चौकशी केली (केली ती फक्त पुरुषांकडे!) आणि भर दरबारात निष्कर्ष सांगितला, "महाराज, बायका बाहेर कामाला जातात, म्हणून मुलं होत नाहीत. त्यांना घरी बसवा आणि घरटी चार मुलांचा हुकूम काढा!"

"कुणाची हरकत?" राजाने विचारलं.

"माझी," मिलेना नावाची विणकरीण म्हणाली. तिच्या कडेवर तान्हं बाळ होतं.

त्या दरबारात बोलणाऱ्याने राजदंड दोन्ही हातांनी धरायचा, अशी रीत होती. दंड अजून प्रधानाकडेच होता. मिलेनाने तो घेतला आणि बाळ प्रधानाच्या हातात ठेवलं. "जरा धरा, प्रधानजी."

बोलायची मात्र तिला मुळीच घाई नव्हती. बाळाने भोकाड पसरलं, प्रधानाची दाढी ओढली आणि शेवटी त्याचा मखमली झगा ओला केला.

"अरे, कुणीतरी घ्या याला!" प्रधान ओरडला.

"तुमच्या हाकेला अख्खा दरबार आहे," मिलेना म्हणाली. "माझ्या हाकेला घरात फक्त नवरा. तो म्हणतो, हे बायकांचं काम."

"मग? आहेच ते बायकांचं काम!"

"बरं," मिलेनाने दंड आणखी घट्ट धरला. "माझं बोलणं अजून संपलेलं नाही, प्रधानजी. तोवर शेजारणींची तीन आणून देऊ का? तुमच्या हुकमाप्रमाणे चार होतील."