विसावं मूल

घाटाखालच्या एका गावात एक बालवाडी होती. तिथे शिकवायला शाल्मली नावाची तरुण मुलगी आली. सातासमुद्रापार चार वर्षं बालशिक्षण शिकून ती परतली होती, आणि आता इथली मुलं आपण फुलवणार, या विचाराने तिला प्रवासभर झोप लागली नव्हती. तिला वाटलं होतं, दाराशी पोचायच्या आधीच कलकलाट ऐकू येईल. कुणी रडत असेल, कुणी भांडत असेल, कुणाचं नाक वाहत असेल. आत पाऊल टाकलं तर टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. सतरंजीवर मुलं एका ओळीत बसली होती. हाताची घडी, तोंडावर बोट. सगळ्यांचे डोळे उघडे होते, पण नवीन माणूस आत आलंय याची एकाही डोळ्यात दखल नव्हती.

"बघा ताई," मदतनीस तानूमावशी कौतुकाने म्हणाली, "सकाळपासून अशीच आहेत. नखाएवढा त्रास नाही."

"मावशी, ही मुलं आहेत की मांडून ठेवलेल्या बाहुल्या?"

"मुलंच की! आईबापांना अशीच आवडतात. इथे गप्प बसली की घरीही बसतात."

"आजपासून हे बंद," शाल्मली म्हणाली.

तिने माती भिजवली, चिंचोके आणले, कागदाचे मुखवटे केले. आठ दिवस मुलं नुसती बघत राहिली. नवव्या दिवशी एक जण खुदकन हसला, आणि महिन्याभरात बालवाडीचा आवाज पाणवठ्यापर्यंत जाऊ लागला. त्यातही सगूचा जास्त. सगू चार वर्षांची होती आणि तिचं तोंड क्षणभर मिटत नसे.

"ताई, मुंगी कुठल्या कुशीवर झोपते?"

"ताई, तुम्ही विमानातून आलात, मग तुमच्या चपलेला धूळ कशी?"

"ही पोटात असतानाच बोलायला लागली असणार," तानूमावशी म्हणायची.

एके दिवशी भर दुपारी शाल्मलीचं डोकं ठणकत होतं. दोन मुली एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या, कुणीतरी खळ सांडली होती आणि सगू तिचा पदर ओढत होती. शाल्मलीच्या तोंडून एकदम निघून गेलं, "हाताची घडी, तोंडावर बोट!"

एका श्वासात सगळं थांबलं. ती शांतता तिला गोड वाटली, हे तिने मनातल्या मनातही कबूल केलं नाही. सहज म्हणून तिने डोकी मोजली. वीस भरली.

पट एकोणीसचा होता. तिने पुन्हा मोजली. प्रत्येक चेहरा ओळखीचा वाटायचा, पण पुढच्याकडे नजर गेली की मागचा आठवेना. अर्धं तोंड हाताआड गेलं की सगळी मुलं एकसारखीच दिसत होती. "हात सोडा," ती घाईने म्हणाली. पुन्हा गोंगाट झाला. आता मोजली तर एकोणीस.

तानूमावशी मागल्या दारी खाऊच्या वाट्या घासत होती.

"मावशी, आज कुणाकडचं पाहुणं मूल आलं होतं का?"

तानूमावशीने वर पाहिलं नाही. "किती भरली?"

"वीस."

"गप्प पोरं मोजू नयेत ताई. मोजली की एक जास्त भरतं."

"कोण असतं ते?"

"मला काय ठाऊक? मी बावीस वर्षं न मोजता काढली. खिचडीची वाटी तेवढी एक जास्तीची लावते. ती भरलेलीच परत येते. पण चव गेलेली असते तिची, मीठसुद्धा लागत नाही."

शाल्मली हसली. ती जे शिकून आली होती, त्यात असल्या गोष्टींना जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सगूने विचारलं, "ताई, काल तुम्ही गप्प बसवलंत ना, तेव्हा माझ्या शेजारी कोण होतं?"

"कुणी नव्हतं गं."

"होतं. त्याच्या अंगाला ऊब नव्हती. ते सारखं माझ्या जागेवर सरकत होतं."

"तू जरा बाहेर जाऊन खेळ बघू," शाल्मली म्हणाली.

पंधरा दिवसांनी तालुक्याहून तपासणीच्या बाई येणार असं कळलं. शाल्मलीला हुरूप आला, आणि भीतीही वाटली. एवढं शिकून आपण या आडगावात आलो ते वाया गेलं नाही, असं एकदा कुणीतरी म्हणावं, ही तिची फार दिवसांची इच्छा होती. मुलांनी दंगा केला तर? सगूने पाहुण्या बाईंना भलतंच काही विचारलं तर?

त्या सकाळी तिने सगूला ओळीत बसवलं आणि स्वतः तिच्यासमोर वाकली. "सगू, आज मी सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही."

"म्हणजे किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

"आणि ते सरकलं तर? ताई, मला भीती वाटते."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. शाल्मलीने सगूचं इवलंसं बोट धरलं आणि आपल्या हाताने तिच्या ओठांवर दाबलं. "शू!"

तपासणीच्या बाई आत आल्या आणि खूश झाल्या. "वा! वीसही मुलं कशी चित्रासारखी बसली आहेत! बाहेर शिकून आलेल्यांची गोष्टच निराळी."

वीस. शाल्मलीने ते ऐकलं. पट टेबलावर उघडा होता, त्यात एकोणीस नावं होती. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोललं असतं तर शाबासकीला गालबोट लागलं असतं. ती नुसती हसली.

बाई गेल्या. आया आल्या, मुलांचे हात धरून निघाल्या. सगूची आई वेणूबाई हीसुद्धा आपल्या मुलीचा हात धरून गेली. शाल्मली दारात उभी राहून हात हलवत होती, पण तिच्या कानात पाहुण्या बाईंचेच शब्द घोळत होते.

दिवस कलला तेव्हा ती वेणूबाईच्या घरावरून चालली होती. वेणूबाई दारातच होती.

"ताई, काय जादू केलीत हो! आल्यापासून शब्द नाही. बसवली तिथे बसून आहे. गुणाची झाली माझी पोर." मग तिने आवाज खाली आणला. "पण ताई, भाकरीला तोंड लावलं नाही तिनं. उरलेली मी खाल्ली. तिला चवच नव्हती बघा."

शाल्मली आत गेली. पाटावर सगूचा फ्रॉक होता, सगूच्या दोन वेण्या होत्या, आणि तोंडावर बोट होतं. तिने हात धरला. रांजणाच्या तळासारखा गार. तिने त्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, मग नजर वळवली, आणि तो चेहरा कसा होता ते तिला आठवेना.

ती धावत सुटली. तिन्हीसांजेला तिने बालवाडीचं कुलूप काढलं. आत सतरंजीवर एकच मूल बसलं होतं. सकाळी जिथे बसवलं होतं, तिथेच. सगू.

"सगू, हात सोड."

सगू हलली नाही.

"बोट काढ. बोल! मी सांगते ना, बोल!"

सगूच्या पापण्याही लवल्या नाहीत. शाल्मली ओरडली, मग गयावया केली, मग पुन्हा ओरडली. आणि ओरडता ओरडता तिच्या लक्षात आलं, की आपण अजूनही हुकूमच सोडतो आहोत. ती थांबली. सगूच्या शेजारी, त्याच ओळीत, मांडी घालून बसली.

"माझं चुकलं, सगू," ती हळू म्हणाली. "तुला भीती वाटत होती. तू मला सांगत होतीस आणि मी तुझं तोंड मिटवलं. मला शाबासकी हवी होती."

खोलीत अंधारून आलं होतं. मग ते बोट किंचित सरकलं.

"ताईंचंपण चुकतं?" आवाज खोल विहिरीतून यावा तसा आला.

"चुकतं."

"मग तुम्हाला कोण रागावतं?"

शाल्मलीने पोरीला पोटाशी धरलं. त्या गार हातांत हळूहळू ऊब येऊ लागली.

सगूला कडेवर घेऊन ती घरी पोचली तेव्हा पाट रिकामा होता. वेणूबाई भिंतीला टेकून उभी होती. "मी पाणी घ्यायला वळले, ताई. नुसती वळले..." मग तिने सगूला ओढून घेतलं आणि तिच्या तोंडची बडबड नुसती ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तानूमावशी लिंबू, मिरच्या आणि बिब्बा घेऊन आली. "दारावर बांधू या. ते पुन्हा आत येता कामा नये."

"मावशी, ते बाहेरून आलंय असं वाटतं तुम्हाला? इतकी वर्षं आपण ज्यांना गप्प बसवलं, त्यांच्यातलंच असेल ते. काल तर मीही त्यात भर घातली."

तानूमावशीने लिंबू ओच्यात ठेवून दिलं.

शाल्मलीने पट उघडला आणि एकोणीस नावांखाली आणखी एक ओळ आखली. नावाची जागा कोरी ठेवली. या खोलीत यापुढे कुणाच्याही तोंडावर बोट ठेवायचं नाही, हे तिने ठरवलं. आणि रोज हजेरी घेताना त्या कोऱ्या ओळीपाशी थांबायचं, "तुझं नाव काय बाळा?" असं विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत, मग त्याला कितीही दिवस लागोत, वाट बघायची.

तात्पर्य: गप्प बसलेलं मूल शहाणं झालं असं समजू नये. आपल्या कौतुकासाठी मुलाचं तोंड मिटवणाऱ्याच्या समोरून मूल हरवतं, आणि ते हरवल्याचं त्याला कळतही नाही.