कालच्यासारखं पाणी

फार वर्षांपूर्वी, जनावरं आपला कारभार आपणच बघत तेव्हा, माळावरच्या बारवेतलं पाणी तपासायचं काम धोंडू कासवाकडे होतं. रोज सकाळी तो एक घोट घ्यायचा, कालची चव आठवायचा आणि पायऱ्यांवर ताटकळलेल्यांना सांगायचा, "कालच्यासारखंच आहे. प्या." इतक्या वर्षांत त्याने एक दिवसही खाडा केला नव्हता.

त्या साली हरिणीचं पाडस खंगत चाललं. ती त्याला घेऊन बारवेत उतरली. "धोंडूदादा, पाणी जरा नीट बघता का?"

धोंडूने दोन घोट घेतले. कालच्यात आणि आजच्यात तसूभर फरक नव्हता. त्याला वाईट वाटलं, पण पाण्यात दोषच नाही, तर तो तरी काय करणार?

तेवढ्यात बऱ्याच वर्षांनी माळावर परतलेली टिटवी तिथे आली. तिने चोच बुडवली आणि घोट तसाच बाहेर टाकला.

"हे कडू कधी झालं?"

"कडू कुठंय? कालच्यासारखंच तर आहे," धोंडू म्हणाला.

"आणि काल कसं होतं?"

धोंडूने बराच वेळ आठवून पाहिलं.

"परवासारखं," तो म्हणाला.

हरिणीने पाडसाला पाण्यापासून मागे ओढलं.