जांभळांच्या दिवसांतली आई

घाटमाथ्यावरच्या एका जंगलात, जुन्या जांभळाच्या झाडावर एक म्हातारी शेकरू राहत असे. शेकरू म्हणजे तांबूस अंगाची, झुपकेदार शेपटीची मोठी खार, बरं का. ही जात जमिनीवर सहसा उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर उड्या मारण्यातच तिचा सारा जन्म जातो. म्हातारीचा एकुलता एक मुलगा मात्र डोंगरापलीकडच्या एका बागेत राहायला गेला होता. तिथे चिकू, पेरू, काजू, काही ना काही नेहमी पिकलेले असे. खाण्यापिण्याची ददात नव्हती. त्याने तिथेच घरटे बांधले, लग्न केले, पिल्ले झाली.

दर वर्षी जांभळे पिकली की तो बायकोपिल्लांना घेऊन चार दिवस घरी येई. झाड फळांनी लगडलेले असे. बसल्या जागी खायचे आणि गप्पा मारायच्या. आई कशी ठणठणीत दिसे. बागेत परतल्यावर संध्याकाळी नवराबायकोचा एकच विषय. तो म्हणे, "परत जावं असं फार वाटतं गं. पण पिल्लं इथल्या चिकूंना सोकावलीत." ती म्हणे, "मोठी होऊ देत, मग बघू. आणि आई चांगल्या धडधाकट आहेत. मागच्या जांभळांत पाहिलंत ना तुम्ही?" एक पिल्लू मोठे होईतो दुसरे जन्माला येई, आणि बोलणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. अशी पाच वर्षे गेली.

शेवटी एका हिवाळ्यात, "या खेपेला काय ते ठरवूनच येतो," असे सांगून मुलगा एकटाच निघाला. आईला कळवलेही नाही. जांभळावर तेव्हा एकही फळ नव्हते. शेजारचा उंबर पिकलेला दिसला, म्हणून त्याने तिथूनच हाक मारली, "आई, इकडे ये. दोघं मिळून खाऊ." आई फांदीच्या टोकापर्यंत आली, तिने खाली पाहिले आणि ती तशीच मागे सरकली. "तू खा रे. मला भूक नाही," ती म्हणाली. तिच्या बरगड्या मात्र दुरूनही दिसत होत्या.

तेवढ्यात एक वानर आला आणि त्याने ओंजळभर उंबरे तिच्यापुढे ठेवली. "तू का आणतोस?" मुलाने विचारले.

"मग कोण आणणार?" वानर म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी हिची उडी चुकली. खाली पडली. तेव्हापासून हे झाड सोडलेलं नाही तिनं. तू येतोस तेव्हा जांभळं असतात. झाड सोडायची वेळच येत नाही. तुला कळणार कसं?"

मुलगा उंबरावरून उडी मारून आईजवळ आला. "आई, मला का नाही सांगितलंस?"

"चार दिवसांसाठी यायचास, बाळा," आई म्हणाली. "त्यातला एक दिवस रडण्यात कशाला घालवायचा?"

मुलगा आल्या पावली मागे फिरला आणि महिन्याभरात सगळ्यांना घेऊन आला. पिल्लांना चिकू आठवत, ती कुरकुरत, नाही असे नाही. पण आजी जागेवरूनच त्यांना उड्या शिकवू लागली. "आधी फांदी हलवून बघावी. मी बघितली नव्हती, म्हणून पडले," ती सांगे. पडल्याची गोष्ट आता ती लपवत नव्हती. उन्हाळा सरता सरता जांभळे पिकली. त्या वर्षी मुलगा पाहुणा नव्हता. चार दिवस झाले तरी कोणी निघाले नाही, तेव्हा आईने हळूच विचारले, "उद्या जायचं नाही ना रे?" तो म्हणाला, "नाही आई." त्या रात्री ती शांत झोपली.

तो मोसम आईने पाहिला. पुढचा मोसम तिला दिसला नाही. मुलाने पाच वर्षे विचारात घालवली होती, आणि आईजवळ राहायला त्याला सहा महिने मिळाले.

तात्पर्य : पाहुणा म्हणून गेलेल्याला घराचे फक्त बरे दिवस दिसतात. परतायचे की नाही हे ठरवायचे असेल, तर झाडावर फळ नसतानाही एकदा घरी जाऊन यावे, आणि फार उशीर होण्याआधी जावे.