तापला की बोलणारा पत्रा

घराला लागणाऱ्या वस्तू माणसांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. माळावरच्या वाडीत धुळबा नावाचा धनगर राहायचा. घरावरचं गवताचं छप्पर दरवर्षी शाकारून तो कंटाळला आणि पत्रे घ्यायला बाजारात गेला.

दुकानातला एक चकचकीत पत्रा त्याला म्हणाला, "मी गंजणार नाही, गळणार नाही. पण माझ्याखाली जे बोलाल, ते माझ्या पोटात राहत नाही."

"गळत नाहीस ना? मग झालं," असं म्हणून धुळबानं तसलेच पत्रे घरावर चढवले.

चैत्रातल्या एका दुपारी धुळबा, त्याची बायको बनाई आणि अंथरुणाला खिळलेला म्हातारा बाप जेवत होते. उन्हानं पत्रे तडतडू लागले. अचानक वरून धुळबाचाच आवाज आला, "म्हातारा एकदाचा मरत का नाही गं?"

मग बनाईचा आवाज आला, "हळू बोला, मामा ऐकतील."

तिघांचेही घास हातातच राहिले. पत्रा पुन्हा पुन्हा तेच बोलू लागला. धुळबानं काठी घेऊन त्याला बडवलं, तसा आवाज आणखी मोठा झाला.

"आबा, आत्ताच्या आत्ता उतरवतो मी हे पत्रे!" तो रडवेला होऊन म्हणाला.

"नको रे," म्हातारा शांतपणे म्हणाला. "मला तेवढं बाहेर लिंबाखाली नेऊन ठेव."

धुळबानं त्याला उचललं. बाप एवढा हलका झालाय, हे त्याला आज कळलं. बनाई घोंगडी घेऊन मागोमाग बाहेर आली. रिकाम्या घरात त्या दोघांचे आवाज अजून बोलतच होते.