झापडं बांधण्याआधी

माणसं आणि बैल सरळ एकमेकांशी बोलायचे, त्या काळची गोष्ट. तेलाचा घाणा सोडून गुऱ्हाळावर गेलेला चांद्या बैल वर्षानं संभू तेल्याच्या दारात परत आला.

"ये बाबा! रोज पाटीभर पेंड, पूर्वीसारखीच," म्हणत संभूनं डोळ्यांवर बांधायची झापडं उचलली.

चांद्या मागे सरला. "आधी बोलू, मालक. मागच्या खेपेला झापडं बांधल्यावर हो म्हणालो, आणि पाटी कधी अर्धी झाली ते दिसलंच नाही. आता दोन पाट्या."

"दोन? परवडायचं नाही!"

तेवढ्यात चांद्याला संभूच्या मानेवर जू ओढून पडलेला घट्टा दिसला.

"मालक, सध्या घाणा कोण ओढतंय?"

संभूनं मान चोळली आणि त्याला हसूच फुटलं. "दोन तर दोन! पण आजच ये बाबा, सुटलो मी."